मुद्दाम हरलेल्या रात्री

2025 च्या एप्रिलमध्ये सिक्सर्सची, म्हणजे एनबीए या अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमधल्या फिलाडेल्फियाच्या संघाची, घरची एक मॅच बघायला मी आणि लेक गेलो होतो. न्यू जर्सीकडून वॉल्ट व्हिटमन पूल उतरताना दक्षिण फिलाडेल्फियातली स्टेडियमं दिसायला लागतात आणि दर वेळी माझ्या छातीत धडधडायला लागतं. त्या दिवशी तसं काही झालं नाही. तिकिटं अगदी स्वस्तात मिळाली होती. आमचे मोठे खेळाडू नव्हतेच. जोएल एम्बीडचा सीझन 19 मॅचेसमध्येच आटोपला होता, पॉल जॉर्ज बसलेला, टायरीस मॅक्सीचं बोट दुखावलेलं. कोर्टावर उतरत होती त्यांत दहा-दहा दिवसांच्या करारावर आणलेली पोरंही होती, ज्यांची आडनावं जर्सीवरूनच वाचून घ्यावी लागत होती. चौथ्या क्वार्टरमध्ये या पोरांनी जोर धरला. वीसेक गुणांचं अंतर बघता बघता निम्म्यावर आलं. त्यांतल्या एकाने कोपऱ्यातून तीन गुणांचा शॉट मारला, बॉल जाळीला जेमतेम हलवून खाली पडला, आणि आमच्या मागच्या रांगेतला एक माणूस कळवळून ओरडला, "नो, नो, नो!" तो पाहुण्या संघाचा नव्हता. त्याच्या अंगात आमच्या जुन्या स्टारची, आयव्हर्सनची, जर्सी होती, धुऊन धुऊन आकड्याला भेगा पडलेली.

शॉट मारणारा पोरगा मागे धावताना क्षणभर प्रेक्षकांकडे वळला. दोन्ही हात खालून वर नेत त्याने खूण केली, उठा, आवाज करा. घरच्या मैदानावर सगळेच खेळाडू ती खूण करतात. थोड्या टाळ्या पडल्या. बरेच जण फोनमध्ये बघत राहिले. "आई, आज हरलेलंच बरं," लेक हळूच म्हणाला. हिशेबाने त्याचं बरोबर होतं. त्या वर्षीच्या ड्राफ्टमधला, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीतला, आमचा पहिल्या फेरीचा पिक (निवडीचा हक्क) केव्हाच ओक्लाहोमा सिटीला देऊन टाकलेला होता; तो पहिल्या सहात आला तरच आमच्याकडे राहणार होता. पिकांचे वरचे नंबर लॉटरीने ठरायचे आणि तीत तळाच्या संघांना झुकतं माप असायचं, म्हणून जितके तळाला जाऊ तितका पिक वाचण्याचा संभव जास्त. हे सगळं मलाही ठाऊक होतं. तरी घरी येईपर्यंत आणि नंतरही कितीतरी दिवस तो हात वर केलेला पोरगा डोळ्यांसमोरून हलेना. त्याला करार मिळाला होता दहा दिवसांचा. त्या दहा दिवसांत त्याने आपल्याला खेळता येतं हे जगाला दाखवायचं होतं, आणि त्याच्याच घरचे लोक त्याचा शॉट चुकावा म्हणून देवाला हात जोडून बसले होते.

सोलापूरला शाळेत असताना मी बास्केटबॉल खेळायचे. सिमेंटचं कोर्ट, मार्च-एप्रिलमध्ये संध्याकाळी पाच वाजताही बुटाच्या तळव्यातून चटके बसायचे. रिंगला जाळी कधीच नसायची, त्यामुळे बॉल आतून गेला की बाहेरून यावर खरी भांडणं व्हायची. गुणफलक म्हणजे काळा फळा आणि ओलं फडकं. विभागीय स्पर्धेत पुण्याच्या शाळा समोर आल्या की आम्ही हरायचो, त्यात कधी खंड पडला नाही. पण आमचे सर तीस गुणांनी मागे असतानाही शेवटच्या मिनिटात टाइमआउट घ्यायचे. आम्हाला लाज वाटायची, पुण्याच्या मुली हसायच्या. सर खिशातून खडू काढून तिथेच जमिनीवर गोल आणि बाण काढायचे, तू इथे उभी राहा, तू तिकडून आत ये. आम्ही तसं करायचो, कधी जमायचं, कधी नाही. तीसने हरण्यापेक्षा अठ्ठावीसने हरणं त्यांना वेगळं वाटायचं आणि का कोण जाणे, परतीच्या एसटीत आम्हालाही ते वेगळं वाटायचं. खेळ बघण्याची माझी नजर त्या खडूच्या बाणांवर तयार झालेली आहे. अमेरिकेत आल्यावर टँकिंग नावाचा, वरच्या पिकसाठी मुद्दाम हरण्याचा, प्रकार कळला तेव्हा ती नजर पहिल्यांदा गोंधळली.

आमच्या घरात सिक्सर्स आले तेच मुळी 2013 मध्ये. लेक तेव्हा दुसरीत होता, वर्गातल्या पोरांबरोबर रीसेसमध्ये खेळायला लागला होता आणि त्याला एक संघ हवा होता. त्याच्या आदल्या वर्षी, 2012 मध्ये, याच संघाने प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत, शिकागोला हरवून बॉस्टनला मालिकेच्या सातव्या, शेवटच्या मॅचपर्यंत झुंजवलं होतं. मग 34 विजय, 48 पराभव असा एक सीझन गेला. प्लेऑफ नाही आणि ड्राफ्टमध्ये मोठा नंबरही नाही. या मधल्या जागेला इथे सगळे घाबरतात. वर जाता येत नाही, खाली पडून काही मिळत नाही, वर्षामागून वर्षं चाळीसेक विजयांच्या आसपास फिरत राहायचं. संघ चालवायला ह्यूस्टनहून आलेल्या जनरल मॅनेजर सॅम हिंकीने ठरवलं की यातून बाहेर पडायचं तर आधी पूर्ण खाली जायचं. त्या जूनमध्ये ड्राफ्टच्याच रात्री त्याने जरू हॉलिडेला न्यू ऑर्लिअन्सला देऊन टाकलं. तेवीस वर्षांचा, नुकताच ऑल-स्टार झालेला पॉइंट गार्ड. बदल्यात आला गुडघा दुखावलेला नर्लेन्स नोएल, जो पहिलं अख्खं वर्ष खेळणार नव्हता, आणि पुढच्या वर्षीचा एक पिक. संघातला सर्वांत चांगला खेळाडू देऊन खेळू न शकणारा खेळाडू घेणं, हे मला कितीतरी दिवस कळलं नव्हतं. हेतूच तो होता हे नंतर कळलं.

पहिल्या वर्षी 19 विजय, त्यात लागोपाठ 26 पराभव. दुसऱ्या वर्षी 18. तिसऱ्या वर्षी 10 विजय आणि 72 पराभव. तीन वर्षांत मिळून 199 वेळा हरलेला प्रशिक्षक ब्रेट ब्राउन दर मॅचनंतर पत्रकारांसमोर बसून, आज आमच्या पोरांनी बचावात काय सुधारणा केली हे मनापासून सांगायचा. आणि एक गोष्ट प्रांजळपणे लिहायला हवी. आम्ही सर्वांत जास्त मॅचेस बघितल्या त्या याच तीन वर्षांत. सिनेमाच्या तिकिटाइतक्या पैशांत वरच्या मजल्यावर जागा मिळायची आणि दुसऱ्या क्वार्टरनंतर खालच्या रिकाम्या रांगांत जाऊन बसलं तरी कोणी उठवायचं नाही. बुटांची कर्र कर्र ऐकू यायची, बेंचवरच्यांच्या हाका ऐकू यायच्या. लेकाच्या हातात मोठं मीठ लावलेला प्रेट्झेल, त्याचे खडे माझ्या मांडीवर. त्याला सगळ्यांची नावं पाठ असायची आणि पाठ झाली की माणूस बदलायचा. हॉलिस थॉम्सन, हेन्री सिम्स, जाकार सॅम्पसन. मायकल कार्टर-विल्यम्स वर्षाचा सर्वोत्तम नवखा खेळाडू (रूकी ऑफ द इयर) झाला आणि दुसऱ्याच वर्षी त्यालाही देऊन टाकलं. लेकाने त्याचं पोस्टर भिंतीवर लावलं होतं. "आई, ते काढायचं का?" त्याने विचारलं होतं. मी म्हटलं, राहू दे. त्या वयात मुलाला संघाशी निष्ठा शिकवताना निष्ठा नेमकी कोणाशी ठेवायची हे मला सांगता येत नव्हतं. जर्सी एकच, आतली माणसं दर महिन्याला वेगळी.

पण मैदानावरची ती माणसं हरायला आलेली नव्हती.

टँकिंगच्या चर्चेत हे फार लवकर विसरलं जातं. हरण्याचा निर्णय ऑफिसात होतो. कोर्टावर उतरणारा पोरगा जीव तोडून खेळत असतो, कारण त्याला हे महिने पुन्हा मिळणार नसतात. रॉबर्ट कॉव्हिंग्टनला ड्राफ्टमध्ये कोणी घेतलं नव्हतं. तो या पडझडीत आला, टिकला आणि 2018 मध्ये लीगच्या सर्वोत्तम बचावपटूंच्या पहिल्या पाचात बसला. 1 डिसेंबर 2015 ची रात्र मला लख्ख आठवते. सिक्सर्स त्या सीझनमध्ये 18 पैकी 18 मॅचेस हरले होते, आधीच्या सीझनचे धरून लागोपाठ 28. त्या रात्री मात्र हॉल खचाखच भरलेला, कारण लेकर्स आले होते आणि कोबी ब्रायंट फिलाडेल्फियात शेवटचं खेळणार होता. हे त्याचं गाव, आणि गावाने त्याला वर्षानुवर्षं हुर्यो दिलेली. त्या रात्री सिक्सर्सचा जुना महान खेळाडू ज्युलियस अर्व्हिंगने त्याला त्याच्या लोअर मेरियन शाळेची जर्सी फ्रेम करून दिली, सगळा हॉल उभा राहिला. कोबीने पहिले काही शॉट्स टाकले तेव्हा आमचेच लोक वेडे झाले होते. मग हळूहळू काहीतरी बदललं. कोबीचे शॉट्स चुकायला लागले, शेवटी 26 पैकी 7 च आत गेले. कॉव्हिंग्टनचे मात्र पडत होते. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत लोकांच्या लक्षात आलं की आज आपण जिंकू शकतो, आणि कोबीसाठी तिकीट काढलेली माणसं बघता बघता आमच्याकडे फिरली. 103-91. वरून कागदाचे तुकडे पडले, घोषणा झाल्या, अनोळखी माणसं एकमेकांच्या हातावर टाळ्या देत होती. एका विजयाने त्या वर्षीच्या हिशेबाला उलटा तोटाच होत होता. एकाही माणसाच्या चेहऱ्यावर तो हिशेब दिसला नाही.

त्याच डिसेंबरात संघाने टोनी रोटन या खेळाडूला सोडून दिलं. "ट्रस्ट द प्रोसेस", म्हणजे हिंकीच्या या योजनेवर विश्वास ठेवा, हे शब्द लोकांच्या तोंडी बसले ते त्याच्यामुळे. आम्हाला रोज हेच सांगतात, असं तो एका मुलाखतीत बोलून गेला होता. पुढे ते टी-शर्टांवर आलं, फ्री थ्रोच्या वेळी हॉलभर घुमायला लागलं, एम्बीडचं टोपणनाव झालं. ज्याने ते सांगितलं त्याला त्या प्रोसेसच्या शेवटापर्यंत थांबता आलं नाही. हिंकीलाही नाही. एप्रिल 2016 मध्ये त्याने मालकांना तेरा पानी पत्र लिहून राजीनामा दिला. त्या पत्रात न्यूझीलंडच्या नामशेष झालेल्या मोआ पक्ष्यापर्यंत सगळं आहे. मी ते सगळं वाचलं. माणूस हुशार आहे आणि प्रामाणिकही आहे, हे वाचताना जाणवतं. दूरचं बघायचं, सगळ्यांपेक्षा दूरचं बघायचं, हा त्याचा आग्रह मला पटतो. पण तेरा पानांत मला कोर्टावरचा घाम सापडला नाही.

माझा मावसभाऊ एमपीएससीसाठी पुण्याला सदाशिव पेठेत राहायचा. पहिल्या वर्षी थोडक्यात हुकलं तेव्हा त्याने लागलेली खासगी नोकरी सोडली, ड्रॉप घेतला, म्हणाला आता अर्धवट काही करायचं नाही. मग आणखी एक वर्ष. अभ्यासिकेतली ठरलेली खुर्ची, दुपारची मेस, लग्नाकार्याला न येणं. मावशी फोनवर सांगायची, "एकदा पोस्ट निघाली की सगळं भरून निघेल." त्याची पोस्ट निघाली, चांगली निघाली, आज तो जिल्ह्यात मानाने आहे. पण आजोबा गेले त्या वर्षी तो पेपर आहे म्हणून आला नव्हता, आणि एकदा मी सुट्टीत गेले असताना गच्चीवर तो एवढंच म्हणाला, "ताई, ती वर्षं कुठेच नाहीत गं." सिक्सर्सचं नाव काढलं की मला हे वाक्य आठवतं. पुढच्या यशासाठी आजचं वर्ष शून्य धरायचं, ही रीत आपल्याकडे घरोघरी आहे आणि ती घेणाऱ्याला मी कधी नावं ठेवणार नाही. त्याने स्वतःचं वर्ष दिलेलं असतं. संघ मात्र दुसऱ्यांची वर्षं देतो. बावीस वर्षांच्या पोरांची, प्रशिक्षकाची, तिकीट काढून आलेल्या माणसांची.

आणि भरून निघालं का? 2014 मध्ये तिसऱ्या नंबरवर एम्बीड मिळाला, पायाचं हाड मोडलेला. दोन वर्षं तो खेळलाच नाही. त्या पहिल्याच वर्षी कॅमेरूनमध्ये त्याचा धाकटा भाऊ अपघातात गेला, आणि हा सात फुटी पोरगा परक्या गावात बसून होता. पुढे तो आला आणि काय खेळला! त्याच्या पायांतली ती लय, पाठ लावून उभं राहणं, मग एका खांद्याचा हुलकावा. 2023 मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू (एमव्हीपी) झाला. बेन सिमन्स 2016 मध्ये पहिला पिक, 2017 मध्ये पुन्हा पहिला पिक मार्केल फुल्ट्झ, त्यासाठी बॉस्टनला आणखी एक पिक देऊन वरचा नंबर घेतला. बॉस्टनने खाली सरकून तिसऱ्या नंबरवर जेसन टेटम उचलला. फुल्ट्झचा खांदा असा दुखावला की त्याला शॉटच मारता येईना. आमच्याकडे तो जेमतेम 33 मॅचेस खेळला. सिमन्सने 2021 मध्ये अटलांटाविरुद्ध सातव्या मॅचमध्ये रिंगखाली मोकळा असताना बॉल दुसऱ्याला दिला आणि त्यानंतर आमच्यासाठी पुन्हा कधी खेळला नाही. तीन वर्षं जाणूनबुजून हरून जे मिळालं त्याची पोच दुसऱ्या फेरीपर्यंत. तिसरी फेरी या शहराने 2001 नंतर पाहिलेली नाही. ज्याला विकून हे सगळं सुरू झालं तो जरू हॉलिडे मिलवॉकीबरोबर एकदा आणि बॉस्टनबरोबर एकदा चॅम्पियन झाला.

12 मे 2019. टोरांटो, सातवी मॅच, 90-90, शेवटचे चार सेकंद. कवाय लेनर्ड उजव्या कोपऱ्याकडे पळतोय, एम्बीड हात ताणून त्याच्या अंगावर. त्या हातावरून जाण्यासाठी कवायने बॉल इतका उंच टाकला की टीव्हीच्या चौकटीत तो क्षणभर मावेना. घंटा वाजली. बॉल रिंगवर आपटला आणि सरळ वर गेला. पुन्हा रिंगवर. पलीकडच्या कडेवर. पुन्हा. चार टप्पे. आमच्या दिवाणखान्यात कोणी श्वास घेत नव्हतं, लेक सोफ्याच्या पाठीवर चढून उभा होता. मग तो आत पडला. एम्बीड बोगद्यातून रडत जाताना दाखवत होते. इथे बरेच लोक म्हणतात की त्या चार टप्प्यांतला एक बाहेर पडला असता तर प्रोसेस यशस्वी म्हटली गेली असती. मला तेच खटकतं. 199 रात्री ज्या एका गोष्टीसाठी दिल्या ती रिंगच्या लोखंडावर अवलंबून असेल, तर त्या रात्रींची किंमत लावताना कोणीतरी फार सढळ हाताने लावली होती.

त्या एप्रिलच्या मॅचला पॉल जॉर्ज साध्या कपड्यांत आमच्या बेंचवर बसला होता. त्याच्याकडे बघताना तेव्हा सुचलं नाही, दोन महिन्यांनी सुचलं. 2025 च्या जूनमध्ये फायनलला आले ओक्लाहोमा सिटी आणि इंडियाना, आणि दोन्ही संघांची मुळं या एका माणसात होती. 2010 मध्ये इंडियानाने त्याला ड्राफ्टमध्ये दहाव्या नंबरवर घेतलं. 2017 मध्ये त्याला ओक्लाहोमाला देऊन ओलाडिपो आणि सबोनिस आणले. 2022 मध्ये सबोनिसला सॅक्रामेंटोला देऊन टायरीस हॅलिबर्टन. तिकडे ओक्लाहोमाने 2019 मध्ये जॉर्जला क्लिपर्सकडे पाठवून शे गिल्जस-अलेक्झांडर घेतला आणि पिकांचा ढीग घेतला. त्यातल्याच एका पिकावर बाराव्या नंबरला जेलन विल्यम्स मिळाला. म्हणजे दहाव्या नंबरच्या एका पोराला नीट वाढवलं, त्याच्याभोवती जिंकणारा संघ उभा केला, म्हणून त्याला किंमत आली, आणि त्या किमतीतून दोन फायनलिस्ट उभे राहिले. इंडियानाचे मालक हर्ब सायमन यांना जाणूनबुजून हरणं मान्य नाही, हे लीगमध्ये सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्यावर वर्षानुवर्षं हसलं गेलं, मधल्या जागेत अडकलेला संघ म्हणून. तो मधल्या जागेतला संघ चॅम्पियनशिपच्या सातव्या मॅचपर्यंत गेला.

आणि त्या इंडियानाच्या बेंचवरून कोण उठून येत होता? टी. जे. मॅकॉनेल. आमच्या 10 विजयांच्या वर्षातला रूकी. ड्राफ्टमध्ये साठ नावं पुकारली गेली, त्यात त्याचं नव्हतं. उंची साधारण, उडी साधारण. पण समोरचा खेळाडू बाहेरून बॉल आत टाकायला लागला की हा पाठीमागून कुठूनतरी येऊन तो पळवायचा. लोक निम्मे उठून निघालेले असायचे आणि हा जमिनीवर पालथा पडून बॉल धरून असायचा. 2017 च्या जानेवारीत न्यूयॉर्कविरुद्ध त्याने शेवटच्या घंटेला शॉट टाकून 98-97 ने मॅच जिंकून दिली तेव्हा लेक नाचला होता. नंतर त्याला जाऊ दिलं गेलं. फायनलच्या तिसऱ्या मॅचमध्ये तो बेंचवरून आला आणि 10 गुण, 5 असिस्ट, 5 स्टील्स करून गेला. तीच युक्ती, पाठीमागून येऊन बॉल पळवायचा. मी टीव्हीसमोर उभी राहून टाळ्या वाजवत होते. सातव्या मॅचमध्ये हॅलिबर्टनचा अकिलिस तुटला आणि तो जमिनीवर हात आपटत पडला, तेव्हा मॅकॉनेलने तिसऱ्या क्वार्टरमध्ये संघ काही काळ खांद्यावर घेतला. ओक्लाहोमा 103-91 ने जिंकले. कोबीच्या त्या रात्रीचाच गुणफलक. हे लेकाने मला फोन करून सांगितलं. आमच्या प्रोसेसमधून निघालेला, दहा वर्षं टिकलेला आणि फायनल गाजवणारा माणूस कुठल्याही लॉटरीतून आलेला नव्हता.

ओक्लाहोमाही तळाला गेले होते, हे खरं आहे. 2021 च्या डिसेंबरात मेम्फिसने त्यांना 73 गुणांनी हरवलं, लीगच्या इतिहासातला सर्वांत मोठा फरक. दुसऱ्या नंबरचा चेट होल्मग्रेन त्या पडझडीनेच दिला. सॅन अँटोनियोला 22 विजयांच्या वर्षानंतर वेम्बन्यामा मिळाला. नव्याने बांधणी करावीच लागते, म्हातारा झालेला संघ ओढत नेण्यात अर्थ नसतो, तरुणांना खेळवावं आणि हरावं लागलं तर हरावं. याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझं भांडण आहे ते हरण्याचीच योजना करण्याशी. लीगलाही ते नको होतं. म्हणून 2019 पासून तळाच्या संघाचा पहिल्या नंबरचा संभव 25 टक्क्यांवरून 14 वर आणला आणि तळाच्या तिघांना सारखाच केला. डेट्रॉइट 2023 मध्ये शेवटचे आले आणि पाचवा नंबर मिळाला. पुढच्या वर्षी लागोपाठ 28 हरले, पुन्हा शेवटचे, पुन्हा पाचवा. 2025 मध्ये 44 जिंकून प्लेऑफला गेले ते नवा प्रशिक्षक आणि टोबायस हॅरिससारखी जिंकण्याची सवय असलेली मुरलेली माणसं आणल्यावर. त्यांचा मुख्य खेळाडू केड कनिंगहॅम तर 2021 पासून तिथेच होता. चांगल्या पोराला शेजारी खेळता येणारी माणसं लागतात. तळाला ठेवलेल्या संघात नेमकी तीच काढून टाकलेली असतात.

आमचा पिक वाचला. त्या मे महिन्यात लॉटरीत सिक्सर्स तिसऱ्या नंबरवर आले आणि बहामातल्या बिमिनी बेटावरचा व्ही. जे. एजकॉम्ब मिळाला. ऑक्टोबरमध्ये बॉस्टनला, पहिल्याच मॅचमध्ये, त्याने 34 गुण केले. मी सांगते, मला इतका आनंद कित्येक महिन्यांत झाला नव्हता. तो उडी मारतो तेव्हा वर गेल्यावर आणखी थोडा वर जातो. त्याला भीती माहीत नाही. 117-116, आणि तेही बॉस्टनमध्ये. शेवटची घंटा वाजली तोच लेकाचा हॉस्टेलवरून फोन आला, मागे पोरांचा गोंगाट.

"आई, आता बोल! आपण तेव्हा जिंकलो असतो तर हा ओक्लाहोमाला गेला असता."

"गेला असता," मी म्हटलं. "मी तरी जिंकायलाच सांगितलं असतं."

"आणि आपल्याला काय मिळालं असतं?"

"पॉल जॉर्ज दहाव्या नंबरला मिळाला होता. मॅकॉनेलला तर कोणी घेतलंच नव्हतं."

तो म्हणाला की दहाव्या नंबरला बहुतेक वेळा पॉल जॉर्ज मिळत नाही, आणि ते खरं आहे. मी म्हटलं, पहिल्या नंबरला फुल्ट्झही मिळतो. थोडा वेळ आम्ही असेच भांडत राहिलो, दोघंही खूश होतो. मग त्याने विचारलं, शनिवारी शार्लटविरुद्ध घरची मॅच आहे, येतेस का? म्हटलं, तिकिटं बघ, या वेळी खालची मिळतायत का ते.